ओल धरणारी पेटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं — की नसतं? तिच्यापासूनही लपवलंच असतं बहुतेक. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही लाखनीचे नाही आणि वहिनींना ओळखत नाही.

सुखदेव माझा मित्र. एकाच कचेरीत जन्म गेला आमचा, निवृत्तही मागेपुढेच झालो. बायको गेल्यावर माझ्या घरात टीव्हीशिवाय कुणी बोलेना, म्हणून रोज संध्याकाळी मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचो. आधी तो बिडी ओढायचा. बिडीचं काय — चार झुरके, विझली, की हा उठला. "चाल बे, जेवतो आता." मग त्याचा जावई दिवाळीला दुबईहून सिगार आणायला लागला. सिगार तासभर चालतो. मी स्वतः काहीच ओढत नाही. पण तो तास माझा होता. दिवसभर मी त्याचीच वाट पाहायचो, खोटं कशाला बोलू?

मग नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि धूर बंद म्हणून सांगितलं. त्याची बायको, वत्सलावहिनी, धड जेवेनाशी झाली. शेवटी त्यानेच तोड काढली. "कपाटात हायेत तेवढे राहू दे. आपल्या इथच्या उन्हात पापडावानी वाळतेत ते. वाळलेला कोन वढते? उन्हाळाच सोडवते मले." वहिनींनी मानलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ध्यान ठेवजा त्यायच्यावर."

ठेवलं ना. असं ठेवलं — की फाल्गुनात त्याच्या वाढदिवसाआधी मी नागपूरला गेलो आणि सिगार ठेवायची पेटी शोधली. ह्युमिडॉर म्हणतात तिला. आत ओल धरते, माल वाळू देत नाही. दुकानदाराने आधी नक्षीची दाखवली, तिचं झाकण सैल होतं. परत केली. मग एक काचेची. तीही नको. प्रत्येक झाकण मी लावून, उघडून, कान देऊन बघत होतो. शेवटी वासाच्या लाकडाची एक साधी पेटी निघाली. झाकण सोडलं की हवा दाबत हळूच बसायचं. मुलीला स्थळ बघताना मी इतका चौकस नव्हतो.

मला कळत नव्हतं असं म्हणू? माझी आई बिड्या वळायची. तेंदूची पानं ओल्या पोत्यात गुंडाळलेली असत आमच्याकडे. पोतं वाळलं की पानाचा हातात चुरा. ओल काय करते हे मला शाळेत जाण्याआधीच कळलं होतं.

वहिनींना म्हणालो, शोभेची आहे, कपाटभर वास पसरणार नाही. त्या खूश झाल्या. सुखदेव मात्र पेटीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "काहून आणली बे?" मी झाकण उचलून सोडून दाखवलं. त्याने पुन्हा विचारलं नाही — कळलं असावं. त्याने सिगार आत रचले.

त्या झाकणाखाली एक स्पंज असतो, तो शुद्ध पाण्याने भिजवावा लागतो. हायवेवर ट्रकांच्या बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, त्याची बाटली मी आणायचो. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या की स्पंज भिजवायचा. अख्खा उन्हाळा हेच. एक सिगार तडकला नाही. दिवाळीला जावयाने नवे आणले, आणि सोडायची गोष्ट परत निघालीच नाही.

त्यानंतरच्या थंडीत तो गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं होऊन श्वास घेता येत नव्हता, तो बसून राहायचा. मीही शेजारी बसून राहायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा.

मी अजून जातो तिथे. वहिनी चहा देतात. पेटीत आता त्यांचा सुईदोरा असतो. परवा ती पुसता पुसता म्हणाल्या, "त्या वर्षी ऊनच कमी पडलं, भाऊजी. बराबर तापलं असतं, तर सुटलं असतं त्यायचं."

मी म्हणालो, "हो वहिनी. कमीच होतं."

त्या उन्हाळ्यात हायवेचं डांबर माझ्या चपलांना चिकटत होतं. बॅटरीचं पाणी आणायला जायचो तेव्हा.