पिवळ्या पट्टीचे मासे

सावकाशमामांना घाईत असलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी जाळं टाकणं, चहा पिणं, नुसतं "हो" म्हणणं, सगळं सावकाश. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. चाळीस वर्षं तलावात होडी घालणारा हा माणूस रोज सकाळी आमच्या संशोधन केंद्राच्या पायरीवर चहा घ्यायचा आणि मी, इथला कारकून, शेजारी बसून त्यांचं डोकं खायचो.

त्या वर्षी डोकं खायला विषयही होता. केंद्रातल्या संशोधक बाईंनी तीन वर्षांत बाराशे माशांच्या पाठीला आकडा छापलेली पिवळी पट्टी टोचून त्यांना पुन्हा तलावात सोडलं होतं. मच्छीमारांनी जाळ्यात आलेल्या माशांच्या पट्ट्या आणून द्यायच्या. त्यावरून मासे किती उरलेत आणि अंडी घालायच्या दिवसांत तलावाचा कुठला कोपरा बंद ठेवायचा, ते ठरणार होतं. परत आल्या नऊ. बाकीचे जगलेच नसणार, म्हणून बाईंच्या गणितानं मासे संपत आले होते आणि मामांच्या टोपल्या तर भरून येत होत्या. खरं कोणाचं धरावं, मला काही केल्या कळेना.

अशात निधी देणारी समिती पाहणीला आली. नऊ पट्ट्यांवर कोणी पुढचा निधी देणार नव्हतं. निधी नाही तर बाई नाहीत, आणि बाई नाहीत तर त्या कोपऱ्याची काळजी करणारंही कोणी नाही. बाई तीच बेरीज पुन्हा पुन्हा करायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जणू उत्तर मीच खिशात घालून बसलोय.

समितीतल्या एका गृहस्थांनी पायरीवरच्या मामांना सहज विचारलं, "काय मामा, पिवळी पट्टी दिसते का कधी?"

"दिसते की. आठवड्याला तीन-चार."

बाई खुर्चीतून उठल्याच. "मग पट्ट्या कुठायत?"

"माशांवर."

"आणि मासे?"

"पाण्यात. सोडून देतो आम्ही सगळेच."

आमच्या धक्क्यावर प्रत्येकाच्या वल्ह्यावर, टोपलीवर त्याच्या रंगाची खूण असते. दुसऱ्याची खूण असलेली वस्तू वाहत आली तरी कोणी ठेवून घेत नाही. हे मला लहानपणापासून माहीत, आणि तरी तीन वर्षांत माझी ट्यूब पेटली नव्हती!

"बाईंची खूण म्हणजे मासा बाईंचा," मामा म्हणाले. "आम्ही काय चोर आहोत?"

"अहो, पण मी एवढा मोठा फलक लावलाय! पट्टी आणून द्या म्हणून!" मी तडकलो.

"वाचला की. मेलेला सापडला तर, असं वाटलं." मग त्यांचा चेहरा खुलला. "तो एकशे सतरा, ओठ फाटलेला, पाच वेळा भेटलाय मला. चांगला वाढलाय."

बाई भराभर लिहून घ्यायला लागल्या. गृहस्थांनी मान हलवली. तोंडी माहिती धरता येत नाही, म्हणाले. एक वर्ष देतो, पण पट्टी हातात हवी.

मामांनी कप पायरीवर ठेवला. "पट्टी उपटली की मासा जगत नाही. म्हणजे मी जिवंत सोडला, तर तुमच्या लेखी तो नाहीच. आणि मारून आणला, तर आहे?"

"तसं नाही मामा," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे, तसंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तरातरा आत आले, माझ्या टेबलावर एक ओली पट्टी ठेवली आणि वळले. मी चहा ओतेपर्यंत धक्क्यावर पोचलेसुद्धा. पट्टीवर एकशे सतरा होतं.

मला फार वाईट वाटलं. तिकडे बाई आनंदानं हाका मारत होत्या, दहावी आली, दहावी आली! मी वही उघडली. त्या आकड्यापुढे मासा 'आहे' लिहायचं की 'नाही', तेच मला कळेना.