वडिलांची जागा

अविनाश शिरसाट थकले होते, पण तसं कबूल करतील तर शपथ! दर रविवारी अंबरपेठेहून सकाळची पहिली बस धरायची, नारायणगुड्याला चर्चचा मागचा हॉल उघडायचा, बाकं पुसायची, गीत सुरू करायचं, बायबलातला शास्त्रपाठ वाचायचा, संदेशही द्यायचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येणार, प्रभुभोजनापुरते. बाकी सगळं मंडळीच्या वडिलांवर, म्हणजे मंडळीनं नेमलेल्या ज्येष्ठावर, म्हणजे यांच्यावर. बावीस वर्षं! वय एकाहत्तर, गुडघे कामातून गेलेले आणि मराठी उपासनेला उरलेली माणसं जेमतेम तीस.

"अहो, कुणाला तरी काही करू द्या," रंजनाबाई नवऱ्याला म्हणायच्या.

"देतो की. नीट करत नाहीत," हे उत्तर ठरलेलं.

कसलं देतात! हैदराबादेत वाढलेली पोरं. घरात मराठी, बाहेर तेलुगू नाहीतर दखनी, आणि वाचायची वेळ आली की ततपप. एक शब्द चुकला की शिरसाट उठायचे, हातातलं शास्त्र काढून घ्यायचे आणि उरलेला पाठ स्वतः वाचायचे. पुढच्या रविवारी ते पोर इंग्रजी उपासनेत दिसायचं. अशी सात गेली. "श्रद्धा कमी पडते," हे म्हणायचे. श्रद्धा कसली कमी, चारचौघांत अब्रू गेली होती बिचाऱ्यांची!

मग चर्चच्या कमिटीचा निरोप आला. मराठी उपासना पुढं चालवणारं कुणी असेल तर सांगा, नाहीतर नाताळानंतर बंद. तेव्हा कुठं शिरसाटांचं धाबं दणाणलं. मंडळीत तरुण म्हणावी अशी एकटी तेजश्री उरलेली, कंपनीत नोकरी करणारी. तिला त्यांनी पाठ वाचायला सांगितलं. "हौ काका," ती म्हणाली.

पाठ होता इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याचा, मोशेचा. खाली अमालेकी लोकांशी लढाई, मोशे टेकडीवर हात उंच धरून उभा. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. पुढाऱ्यानं कसं असावं, हा संदेशाचा विषय. "पुढारी एकटा उभा राहतो," असं शिरसाटांनी टिपणात लिहून आणलं होतं.

तेजश्रीनं पाठ इंग्रजी अक्षरांत उतरवून आणलेला. त्या अक्षरांत जड काय नि जाड काय, सारखंच. तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "मग मोशेचे हात जाड झाले."

सगळा हॉल हसत सुटला. तेजश्रीचे कान लाल झाले. शिरसाट सवयीनं उठले, लंगडत पुढं गेले आणि कागदाला हात घातला. तिनं तो सोडला नाही.

"काका, बसा ना तुम्ही," ती म्हणाली. "माझी चूक मला दुरुस्त करू द्या. आत्ता जागेवर गेले ना, तर मी पण परत येणार नाही."

शिरसाट समोरच्या बाकावर बसले. खरं तर गुडघ्यांनीच बसवलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली, या खेपेला नीट. हात जड झाले म्हणून मोशेला धोंड्यावर बसवलं, आणि अहरोन नि हूर या सोबत्यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत सावरून धरले.

हा पाठ शिरसाटांनी शंभरदा वाचला होता, ऐकला मात्र आज. अरे, मोशे एकटा नव्हताच की! आणि तो बसला होता! बावीस वर्षांचा शीण एकदम अंगावर आला आणि त्यांना रडू फुटलं. संदेश द्यायला ते उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून एवढंच म्हणाले, "सात पोरं मी घालवली. चूक माझी होती."

उपासना संपली, लोक एकमेकांना सलाम करून पांगले. शिरसाट तेजश्रीकडं गेले.

"पुढच्या रविवारपासून उपासना तू चालवशील?"

"चालवीन. पण तुम्ही शेवटच्या बाकावर बसायचं."

हे त्यांना लागलं. "अगं, तिथून मला काही ऐकू येत नाही."

"म्हणूनच म्हणते, काका."

त्यांनी टिपणाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "बसेन."