शॉकर बदलण्याआधीचा रस्ता

काचबिंदूने वडिलांची दृष्टी गेली, पण दर रविवारी करोल बागेत जुन्या सहकाऱ्याकडे जाणं त्यांनी सोडलं नाही. गाडी मी चालवायचो. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक ओलांडला की शेजारी बसलेले वडील रस्ता सांगू लागत. गाडीचे शॉकर झिजले होते, त्यामुळे प्रत्येक खड्डा जसाच्या तसा आत पोचायचा. यमुनेच्या पुलावरच्या सांध्यांवरून जाताना ठरावीक अंतराने दणके बसत. ते थांबले की वडील म्हणत, "पूल संपला. आता उजवीकडे घे." क्वचितच चुकत. आपण कुठे आहोत, हे गाडीत तरी त्यांना कुणाला विचारावं लागत नसे.

मागे आई बसे. तिच्या मणक्यातली चकती सरकलेली होती. कमरेमागे उशी, एका हाताने पुढची सीट घट्ट धरलेली आणि डोळे मिटलेले, असा तिचा सगळा प्रवास होई.

तिच्यासाठी मी गाडी गॅरेजमध्ये नेली; मिस्त्रीने ती वर उचलून पाहिली. चारही शॉकर गेलेले, रबरी बुश फाटलेले. गाडी चौदा वर्षांची होती. दिल्लीत पेट्रोलच्या गाड्यांना पंधराच वर्षं मुभा, त्यामुळे तिची नोंदणी पुढच्या वर्षी संपणार होती.

घरी वडिलांनी हाच मुद्दा धरला. "वर्षभराने भंगारात जाणार ती. तिला नवे शॉकर कशाला?"

"अच्छा. आणि मी?" आई म्हणाली. "मीही वर्षभराने भंगारातच का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

वडील म्हणाले, "दणके बसतात तोवर मला रस्ता कळतो. ते गेले की पोतं ठेवल्यासारखं बसायचं."

आईने वाद थांबवला. पुढच्या रविवारी मात्र ती निघाली नाही. "तुम्ही दोघं जाऊन या," एवढंच म्हणाली. वडिलांचे बूट घालून झाले होते. ते पुन्हा खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "उद्या गाडी गॅरेजला टाकू या."

गॅरेजमध्ये तेही आले. मिस्त्रीला त्यांनी विचारलं, "पीछे का एक पुराना रहने दें तो?"

"अंकल जी, फिर लंगड़ी चलेगी," तो हसून म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी गतिरोधक कधी ओलांडला ते जाणवलंही नाही. वडिलांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला होता. पुलावर चाकांचा नुसता बारीक आवाज येत होता.

"कुठे आलो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच मागून आई म्हणाली, "पुलावरच आहोत. खाली म्हशी बसल्यात."

"म्हशी? कुठल्या बाजूला?"

"तुमच्या. बऱ्याच आहेत हो."

इतकी वर्षं ती या रस्त्याने डोळे मिटूनच गेली होती. जागांची नावं तिला येत नव्हती, म्हणून दिसेल ते ती सांगत राहिली: रेल्वेचा पूल, फुगेवाला, बंद पडलेली बस. वडील मध्येच "हं" म्हणत होते.

"आता नुसती सोफ्यांची दुकानं लागलीत."

वडिलांनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे पंचकुइयां रोड," ते मला म्हणाले. "उजवी लेन धर."