दैवशालाचं सोळा आणि चौदा

वडीगोद्रीत सगळ्या गल्लीला वाटलं, दैवशाला चाळिशीत दहावीचा फॉर्म भरतेय ती अंगणवाडीच्या नोकरीसाठी. गल्लीला काय, कशातही नोकरी दिसते. दैवशालाला नोकरी नको होती. तिला सर्जेराव मास्तर पाहिजे होते, फळ्यापाशी, खाली मान घातलेले.

पंचवीस वर्षांपूर्वी माहेरच्या शाळेत त्यांच्याच तासाला तिनं हायड्रोजन-ऑक्सिजनचं समीकरण जुळवताना पाण्याच्या एच टू ओ मध्ये ओ खाली आणखी एक दोन लिहिला. दोन्हीकडं ऑक्सिजन बराबर, काम खतम! मास्तरांनी तीच वही तिच्या हातात देऊन तिला आठवी, नववी, दहावी अशा सगळ्या वर्गांतून फिरवलं. “बघा रे, हिनं पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड, केस पांढरे करायचं औषध केलं.” त्या वर्षी ती विज्ञानात नापास झाली आणि पुढच्या वर्षी लग्न.

आता मास्तर रिटायर होऊन वडीगोद्रीतच हायवेला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर क्लास घेतात. दैवशालानं जूनमध्ये तिथंच नाव घातलं. मास्तरांनी ओळखलं नाही. बाईला हे आणखी झोंबलं.

शिकवलं मात्र तिच्या पोरीनं, तृप्तीनं. “आई, खालच्या आकड्याला हात लावायचा न्हाई. तो बदलला की वस्तूच बदलती. पुढचा आकडा वाढव.”

“मंग असं सांग ना. भाकरीत पीठ कोंबायचं न्हाई, भाकऱ्या वाढवायच्या.”

त्या दिवसापासून कार्बनला उडीद, हायड्रोजनला ज्वारी, ऑक्सिजनला सरकी. ताटात मधोमध खडूची रेघ, दाणे दोन्हीकडं सारखे भरल्याशिवाय चूल पेटत नसे. नवरा जेवणाच्या ताटात सरकी सापडली तरी बोलायचा नाही. बोलून कुणाचं भलं झालंय?

क्लासात मास्तरांचं प्रत्येक समीकरण ती रुमालाखाली दाण्यांनी मोजायची. जून गेला, दिवाळी गेली. मास्तर चुकायचं नाव घेईनात. कापसाच्या वेचणीलाही तिनं क्लास बुडवला नाही.

डिसेंबरात इथेनॉल जळलं. मास्तरांनी घाईत फळ्यावर दोन इथेनॉल, सात ऑक्सिजन, इकडं चार कार्बन डायऑक्साइड, सहा पाणी असं लिहिलं. दैवशालाचा हात रुमालाखाली थांबला. तिनं तीनदा मोजलं. मग उठली.

“सर, डावीकडले ऑक्सिजन मोजा की.”

“चौदा. बसा, वैनी.”

“इथेनॉलच्या पोटातले दोन धरा.”

चाळीस पोरं फळ्याकडं बघू लागली. मास्तरांनी खडूचं टोक एकेका अक्षरावर टेकवत मोजलं. चौदा, पंधरा, सोळा. उजवीकडं चौदाच.

“नजरचूक झाली,” मास्तर म्हणाले.

“मोठ्यानं म्हणा, मागं ऐकू येत न्हाई.”

“चुकलं माझं.”

“मी चुकल्ते तवा मला वही घिऊन तीन वर्ग फिरवल्तं तुम्ही.”

आता मास्तरांनी तिला ओळखलं. चष्मा काढला, पुसला, डस्टर शोधलं. टेबलावर नव्हतं, खिडकीत नव्हतं. दैवशाला शांतपणे खडूची भुकटी लागलेली पिशवी छातीशी धरून बसली होती. जिन्यावर दुसऱ्या बॅचच्या पोरांच्या चपला वाजल्या, तसे मास्तर शर्टाच्या बाहीनं फळा पुसायला लागले. निम्मं पुसलं गेलं, सात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दैवशाला रुमाल आणि दाणे घेऊन पहिल्या बाकावर बसली. पुस्तकाचे अजून तीन धडे बाकी होते.