हिरव्या साडीतली वैजयंती

आमच्या बोरी बुद्रुकमध्ये वैजयंतीच्या उंचीची काळजी तिच्यापेक्षा गावालाच जास्त होती. नववीतच ती गुरुजींच्या वर गेली. मागच्या मुलींना फळा दिसत नाही म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि तिची मैत्रीण म्हणून मीही तिच्याबरोबर मागं गेले. विहारातून परतताना बायका तिच्या आईला, बनाबाईंना म्हणायच्या, "हिला नवरा कुठनं आणायचा गं?" बनाबाई हसायच्या. "वाढतीय तर वाढू द्या की. वरच्या फळीवरचं डबं काढायला कुणीतरी पायजेच व्हतं."

तिचे वडील, हनुमंतकाका, वीज मंडळात वायरमन. लेकीनं शिकून साहेब व्हावं एवढंच त्यांच्या मनात. बारावीनंतर त्यांनी तिला पुण्याला कॉलेजात घातलं. मी गावातच लग्न करून राहिले, पुढं अंगणवाडीत लागले. वैजूला मात्र कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका फोटोग्राफरनं पाहिलं आणि बघता बघता ती मुंबईत मॉडेल झाली. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. टीव्हीवर सौंदर्यस्पर्धा दिसायला लागल्या होत्या. मॉडेलांची नावं पोरांना क्रिकेटवाल्यांसारखी पाठ असायची, आणि त्या नावांत आमच्या वैजूचं नाव आलं. हनुमंतकाका बरेच महिने तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस ऑफिसात साहेबांनी मासिक पुढं करून विचारलं, "हनुमंता, ही तुझी मुलगी का?" काका त्या दिवशी घरी आले ते मासिक काखेत मारूनच.

त्यानंतर ते कॅलेंडर आलं. एका साडी कंपनीनं माळशेजला फोटो काढायचं ठरवलं. वैजूनं निरोप धाडला म्हणून बनाबाई आणि मी एसटीनं घाटाअलीकडच्या मढ गावाला गेलो, तिथून कंपनीच्या जीपनं घाटात. धुकं, भणाणता वारा, आणि रस्त्याच्या कठड्यावर हिरव्या रेशमी साडीत बसलेली वैजू. फोटोग्राफर सारखा "हसा, हसा" करत होता, पण त्याच्या मनासारखं हसू काही येईना. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून बनाबाई ओरडल्या, "वैजे, पदर धर! न्हाईतर जुन्नरला जाऊन पडंल!" वैजू खळखळून हसली. तोच फोटो निघाला.

तो फोटो कुठं नव्हता? सलूनमध्ये होता, किराणा दुकानात होता, एसटी कँटीनमध्ये, ट्रकच्या केबिनमध्ये होता. वर्ष संपलं तरी लोकांनी तारखांचे कागद फाडले आणि फोटो तसाच ठेवला. बनाबाईंच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीपासून थोडा खाली, खाटेवरून दिसेल असा तो लागला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानंच कळलं. तिशी ओलांडली तशी कामं कमी झाली. नव्या मुली आल्या. वैजूचं एक लग्न झालं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. स्पर्धेला जाणाऱ्या मुलींना ती चालायला शिकवायची. मग थायरॉइडनं अंग सुटलं, गुडघे धरले, चेहरा सुजल्यासारखा झाला. हनुमंतकाका गेले. धाकटा भाऊ राजरत्न चाकणला कंपनीत, त्याचा संसार तिकडंच. बनाबाई एकट्या राहीनात, तेव्हा लॉकडाऊनच्या वर्षी वैजू दोन बॅगा घेऊन बोरीला आली आणि राहिलीच.

गावानं तिला प्रेमानंच घेतलं, हे सांगायला हवं. पण तिच्यामागून ती दुसरी, फोटोतलीही आली. त्याच सुमाराला जुन्या मॉडेलांचं वेड पुन्हा सुरू झालं होतं. नव्वदीतले फोटो पोरींच्या मोबाईलवर फिरायला लागले. लग्नाआधीच्या फोटोसाठी जोडपी माळशेजला जाऊ लागली आणि नवऱ्या मुली त्याच कठड्यावर हिरव्या साडीत बसायला लागल्या. ती मॉडेल बोरीत राहते हे कळल्यावर लोक घर शोधत यायचे. वैजू दार उघडायची. ते तिच्या खांद्यावरून आत बघायचे आणि विचारायचे, "वैजयंती मॅडम आहेत का?"

"मीच," ती म्हणायची.

मग एक क्षण ते पुन्हा तिच्या खांद्यावरून आत बघायचे. पुढं सगळे नीट वागायचे. फोटो काढायचे, चहा घ्यायचे, "अजूनही तुम्ही तशाच दिसता" म्हणायचे. पण तो एक क्षण तिला पुरायचा. हळूहळू ती बाजाराला जाताना तोंडाला ओढणी बांधायला लागली. इकडं उन्हाचं सगळ्याच बांधतात, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही.

एका सकाळी मी त्यांच्याकडं गेले, तर बनाबाई खाटेवर बसून भिंतीकडं बघत बोलत होत्या. "जेवलीस का गं? किती वाळलीयस." समोर फोटो. वैजू चुलीपाशी उभी, हातात ताट. मला बघून ती हळूच म्हणाली, "इंदे, दोन दिवस झाले. असंच चाललंय."

तिनं ताट आईपुढं ठेवलं. बनाबाईंनी हात जोडले. "लई उपकार हायेत बाई तुमचं. माझी पोरगी मुंबईला असती. लई मोठी झालीय. ती आली की तुमचं सांगीन तिला."

"आई, मीच वैजू."

बनाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं बघून ओशाळल्यासारख्या हसल्या, जणू एखादी पाहुणी भलतंच बोलून गेली आहे.

जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वयाचं आहे, आता वाढतच जाणार. राजरत्न म्हणाला, तो फोटो काढून टाकू. काढला, तर बनाबाई दिवसभर दारात बसून रडल्या. "माझी पोरगी कुणी नेली?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिल्या. संध्याकाळी वैजूनंच तो परत खिळ्याला अडकवला.

मग तिनं एक ठरवलं. मला घेऊन ती नारायणगावला गेली आणि तशीच हिरवी साडी शोधून आणली. केस काळे केले. आरशासमोर बसली तेव्हा तिची बोटं भराभर चालत होती, मला त्या हातांकडं बघतच राहावंसं वाटलं. कपाळ, भुवया, गाल, ओठ. साडी मी नेसवली. खरं सांगते, ती छान दिसत होती. तशी नाही, पण छान.

ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि पदर हातात धरून हसली. बनाबाई बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, ओळखलं.

"लई नटलाय बाई," त्या म्हणाल्या. "कुणाचं लगीन हाय?" आणि मग आवाज एकदम खाली आणून, "पर ही माझ्या वैजूची साडी हाय. काढून ठिवा. तिला आवडायचं न्हाई."

वैजू आत गेली. साडी सोडून, घडी घालून तिनं मला दिली. "तुझ्या सुनेला दे," म्हणाली. तोंड मात्र तिनं धुतलं नाही, तशीच भाकरी थापायला बसली.

पुढच्या हिवाळ्यात त्या साडी कंपनीचा माणूस आला. गोकुळ नाव, तरुण, बोलायला गोड. वाकून नमस्कार केला. "मॅडम, माझ्या आईच्या कपाटावर तुमचा फोटो आहे. आमचं आळेफाट्याला मोठं दुकान होतंय. त्या निमित्तानं कंपनी तुम्हाला परत आणतीय."

"मला?" वैजू म्हणाली.

"तुम्हालाच. लोकांना नव्या मुली नकोत, मॅडम. लोकांना तुम्हीच पाहिजे."

तो गेल्यावर ती माझ्याकडं धावत आली. इतक्या वर्षांत मी तिला धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ती सकाळी कालव्याच्या रस्त्यानं चालायला लागली. पाठ ताठ, मान वर. गुडघा दुखला तरी थांबायची नाही. शेतातल्या बायका बांधावरून हाका मारायच्या, "वैजाताई, शर्यत हाय का?" आणि ती ओढणी न बांधता हसून हात करायची. "कशी चालते गं?" असं मला विचारायची. मी म्हणायचे, "राणीसारखी." चालायचीही तशीच.

उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो. दुकानापुढं मांडव, ताशा, मोठा पडदा. पुढच्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची होती. तिनं गोकुळला विचारलं, "मी कुठून चालत यायचं?"

त्याला प्रश्न कळला नाही. "तुम्ही बसा ना मॅडम. आरामात बघा."

संगीत सुरू झालं आणि पडद्यावर धुकं आलं. त्यातून हिरव्या साडीतली वैजू चालत आली. चालत आली, मान वळवली, केस मागं टाकले, लोकांकडं बघून हसली आणि बोललीसुद्धा. ती तसं कधीच चालली नव्हती, तसं बोलली नव्हती. जुन्या फोटोवरून कंपनीनं कॉम्प्युटरवर सगळं तयार केलं होतं. फोटो त्यांचा, त्यामुळं तिला विचारायची त्यांना गरजही वाटली नव्हती. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या शेजारी वैजू हातात हात घट्ट दाबून बसली होती.

नंतर तिला स्टेजवर बोलावून शाल दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा कमी, पण वाजवल्या. खाली उतरताना वाटेत तिच्याच फोटोचा पुरुषभर उंच कटआऊट उभा होता. गुडघा भरून आल्यामुळं ती त्याला टेकून जरा थांबली. कॉलेजच्या मुलींचा घोळका मोबाईल घेऊन समोर आला. त्यातली एक अदबीनं म्हणाली, "काकू, थोडं बाजूला होता का? फोटोत तुम्ही येताय."

वैजू बाजूला झाली. "सॉरी हं," म्हणाली.

येताना रिक्षात मीच बडबडत होते. बोरीचा फाटा आला तेव्हा वैजू म्हणाली, "इंदे, ती माझ्यापेक्षा चांगली चालते." चेष्टा नव्हती त्यात. तिनं आयुष्यभर मुलींना चालायला शिकवलं होतं. तिला कळत होतं.

ती जाहिरात मग सगळीकडं दिसायला लागली. बनाबाईंनी ती शेजारच्या टीव्हीवर पाहिली आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "बोलली! वैजू बोलली!" त्या दिवसापासून जाहिरात दिसल्याशिवाय त्या घास घेईनात. मग वैजूनं ती मोबाईलवर घेतली. एका हातात मोबाईल धरायचा, दुसऱ्या हातानं आईला भरवायचं. पडद्यावरची हसली की बनाबाई तोंड उघडायच्या. मी कितीदा तरी बघितलं हे. वैजू मोबाईल असा धरायची की आईला पडदा दिसावा आणि आपला चेहरा त्याच्यामागं जावा.

एकदा मी म्हणाले, "बाजूला बस ना. तुलाबी बघू दे त्यांना."

"मधे आले की ती घास थुंकते," वैजू म्हणाली.

बनाबाई पावसाळा संपता संपता गेल्या. शेवटी छाती भरली होती, जुन्नरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळची वेळ. त्या "वैजे, वैजे" करत होत्या. वैजू उशाशी होती. "आई, मी इथंच आहे," ती म्हणाली. बनाबाईंनी मान फिरवली आणि दाराकडं बघत पुन्हा हाक मारली. वैजूनं पर्समधून मोबाईल काढला, पण तो चार्ज नव्हता. ती वॉर्डमध्ये या खाटेवरून त्या खाटेपाशी चार्जर मागत फिरली. कुणीतरी दिला. पडदा उजळेपर्यंत बनाबाईंची नजर स्थिर झाली होती. त्या कुणाकडंही बघत नव्हत्या.

बनाबाईंच्या स्मरणार्थ विहारात पुण्यानुमोदन ठेवलं, तेव्हा राजरत्नच्या मित्रांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. वर बनाबाईंचा फोटो, खाली 'सुप्रसिद्ध मॉडेल वैजयंती यांच्या मातोश्री' आणि कोपऱ्यात हिरव्या साडीतली, खळखळून हसणारी वैजू. मी राजरत्नला बाजूला घेऊन रागावले. तो बिचारा रडवेला झाला. "लोकांना ताई तीच माहितीय ना. आत्ताचा फोटो लावला तर विचारतील, ही कोण."

वैजू अजून बोरीतच आहे. चालायला जाणं तिनं सोडलं. कॉलेजवाले बक्षीस समारंभाला बोलवायला येतात, ती आतून कडी लावून घेते आणि ते दमून परत जातात. मी रोज कामावरून येताना डोकावते. कधी चहा होतो, कधी दोघी नुसत्याच घेवडा निवडत बसतो.

परवा निवडता निवडता तिनं विचारलं, "इंदे, मी आधी कशी दिसायचे गं?"

"आधी म्हंजे?"

"त्या फोटोच्या आधी. शाळेत. माझ्याकडं तेव्हाचा एकही फोटो नाही. आईला विचारलं असतं, पण आता ती नाही. तूच आहेस."

मी शेंगा खाली ठेवल्या आणि डोळे मिटले. तो बाक आठवला, खिडकी आठवली, तिच्या दप्तराचा खाकी रंगसुद्धा आठवला. शेजारी बसलेल्या पोरीकडं मान वळवली, तर ती हिरव्या साडीत होती, पदर धरून हसत होती. मी पुन्हा पुन्हा बघितलं. दुसरं कुणी येईचना.

"सांग ना," वैजू म्हणाली.

"लई गोड व्हतीस," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. मग तिनं शेंगांची टोपली स्वतःकडं ओढली आणि आम्ही दोघी खाली बघून निवडत राहिलो.