जिथे दाद देत नाहीत

आदरणीय दामोदरपंत खांबेटे यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. बनारसमध्ये त्यांना सगळे पंतजी म्हणतात. समारंभात भाषणं पुष्कळ होतील, पण पंतजींना ती ऐकू जाणार नाहीत. म्हणून या गौरवग्रंथासाठी मला विचारणा झाली तेव्हा मी म्हटलं, लिहिते, मात्र माझा लेख मोठ्या अक्षरांत छापा. त्यांना अजून चष्म्याने वाचता येतं.

वडिलांची रेल्वेत भुसावळहून बनारसला बदली झाली तेव्हा मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. गाण्याच्या परीक्षा पास झाल्याची ऐट अंगात होती. आई मला दूधविनायकाच्या गल्लीत, अंधारा जिना चढून, पंतजींकडे घेऊन गेली. ते तेव्हा मुलींच्या एका कॉलेजात संगीत शिकवत असत. मी तंबोऱ्याकडे पाहत घसा खाकरला, तर ते म्हणाले, "बैस बेटा. आधी पाणी पी. तुमच्या पडोसमध्ये कोण राहतं?" मी म्हटलं, एक बंगाली आजी राहतात, रोज संध्याकाळी कीर्तन म्हणतात. "बस, हो गया. महिनाभर त्यांच्याकडे जाऊन बैस. गायचं बिलकुल नाही. मग इकडे ये." जिना उतरताना आई पुटपुटली, "गुरू इथे, आणि शिकायचं शेजारी!" मी रुसून का होईना, गेले. आजींचे शब्द कळत नव्हते, पण राधेचं नाव आलं की त्यांचा आवाज का फाटतो, ते हळूहळू कळू लागलं. पंतजींचा पहिला धडा तोच होता.

पंतजींच्या घरी कीर्तन पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. बालाजी घाटाजवळच्या मंदिरात त्यांनी स्वतः एकादशीचं कीर्तन कधी चुकवलं नाही. पण कान मात्र गावभर हिंडत. गुरुद्वारातले शबद, सारनाथच्या मठातलं लामांचं खर्जातलं पठण, चर्चमधली भोजपुरी भजनं, दर्ग्यावरची कव्वाली, जिथे कुणी आपल्या देवाला हाक मारत असेल तिथे पंतजी हजर. त्यांचा एक नियम होता, फुकट ऐकायचं नाही. गुरुद्वारात ते आधी जोडे लावून ठेवत, मठात पेले विसळत, चर्चमध्ये सतरंज्या अंथरू लागत. हाताला काम केल्याशिवाय कान लावायचा आपल्याला हक्क नाही, असं ते म्हणत. आणि तिथे ऐकलेलं त्यांनी स्टेजवर कधी गायलं नाही. एका आयोजकांनी "सगळ्या धर्मांचं तुम्हीच गा" असा आग्रह धरला, तर पंतजी हसून म्हणाले, "ज्यांनी जेवायला बोलावलं त्यांचंच ताट काखेत मारून आणू का?" आयोजक पुन्हा आले नाहीत.

गल्लीतल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. सुशीलाकाकूंनी, म्हणजे पंतजींच्या पत्नींनी, त्यांची सगळी बोलणी स्वतःवर झेलली. पंतजी घरी आले की त्या विचारत, "आज कोणत्या देवाघरून येणं झालं?" सारनाथहून, लामांचा लोणी-मिठाचा चहा पिऊन परतल्यावर पंतजींचं उत्तर ठरलेलं असे, "चहात साखर जास्त घाल. आजच्या देवाचा चहा खारट होता."

पंतजी स्वतःवरची एक गोष्ट प्रत्येक शिष्याला सांगत आले आहेत. तरुणपणी ते पहिल्यांदाच मोहरमच्या मजलिशीला, म्हणजे शोकसभेला, गेले होते. शिवाल्याजवळ राहणारे गणिताचे शिक्षक अली हसनसाहेब करबलाच्या रणात पडलेल्यांच्या दुःखाचे सोज, म्हणजे शोकगीतं, फार आर्त म्हणत. त्यांनी कोमल निषादावर आवाज असा काही ठेवला, की मैफिलींत मुरलेल्या पंतजींच्या तोंडून निघून गेलं, "वा! क्या बात है!" सगळी बैठक त्यांच्याकडे वळली. अली हसनसाहेबांनी सोज पुरा केला आणि नंतर जवळ येऊन हळूच म्हणाले, "पंडितजी, हमारे घर में मौत हुई है. यहाँ दाद नहीं देते." दुसऱ्या दिवशी पंतजी पुन्हा तिथे गेले आणि दारात बसून येणाऱ्यांना पाणी देऊ लागले. तेव्हापासून मोहरममधलं ते काम त्यांचंच झालं. "आधी दुःख कुणाचं ते पाहावं, राग मग ओळखावा," असं ते आम्हाला बजावत.

काही वर्षांपूर्वी सुशीलाकाकू गेल्या. त्या दिवशी सारनाथचे एक वृद्ध लामा, गुरुद्वारातले भाईजी आणि अली हसनसाहेब घाटाच्या पायऱ्यांवर एका ओळीत उभे होते. पंतजी रडले नाहीत, याची मला तेव्हाच धास्ती वाटली होती.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांच्यासमोर गात होते. मध्येच तंबोऱ्याची तार उतरली. मी थांबले, त्यांच्याकडे पाहिलं. पंतजी डोळे मिटून मान डोलवत होते. तसूभर हललेला सूर ज्यांनी कधी माफ केला नाही, ते पंतजी! डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऐकण्याची नसच सुकत चालली आहे. यंत्र बसवलं. कानाजवळ बोललेलं त्याने समजतं, पण सूर कळत नाही. मी तंबोरा छेडला तेव्हा ते म्हणाले, "चक्की चालल्यासारखं वाटतंय, बेटा." मग गवसणी घालून तंबोरा त्यांनी स्वतःच भिंतीशी टेकवला. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले.

पंतजींनी बाहेर जाणं बंद केलं. गौरवाची गोष्ट काढली तर म्हणाले, "करा, लेकिन मला शतायुषी व्हा म्हणू नका. ती नाही, सूर नाही. इतकी वर्षं घेऊन करू काय?" खरं सांगते, हा माणूस आता आपल्यातून उठून चालला आहे, अशीच माझी खात्री झाली होती.

मोहरम जवळ आला तेव्हा अली हसनसाहेब काठी टेकत तो जिना चढून आले. पंतजींच्या कानाशी वाकून म्हणाले, "इस बार भी आइएगा."

"सुनाई नहीं देता, मास्टरसाहब."

"सुनने कौन बुला रहा है? भाभी गईं, आप रोए तक नहीं. हमारे यहाँ रोने की जगह है. आकर रोइए."

पंतजींनी त्यांच्या हातातली काठी घेऊन त्यांना बसवलं. मग मला म्हणाले, "पाणी द्यायला कुणीतरी लागेलच ना."

मजलिशीच्या संध्याकाळी मी त्यांना घेऊन गेले. त्यांनी आधी दारात बसून पेले भरले. मी आत बायकांकडे जाऊन बसले, पडद्याच्या फटीतून ते दिसत होते. सोज सुरू झाला तेव्हा त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, आत जाऊन सगळ्यांमध्ये बसले, आणि थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलू लागले. काकूंसाठी ते त्या दिवशी पहिल्यांदा रडले. शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

परतताना गल्लीत त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातलं आणि विचारलं, "आज सोज कोणत्या रागात होता ग?"

मी ओशाळले. इतक्या वर्षांचं शिक्षण, आणि मला सांगता येईना. "लक्षच नव्हतं, पंतजी. मी रडत होते."

पंतजी थांबले. काकू गेल्यापासून न पाहिलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "मग आज तू बरोबर ऐकलंस," म्हणाले.

पंतजी, आपण मनाई केली आहे, तेव्हा शंभर वर्षांचं काही लिहीत नाही. आपली प्रकृती धड राहो, जिना चढता-उतरता येवो. पुढच्या मोहरमला पेले आपणच भरायचे आहेत, त्याच्या पुढच्यालाही. मी आत पडद्यामागे बसलेली असेन, आणि बाहेर आल्यावर आपण विचाराल तेव्हा मला राग सांगता येऊ नये.