मोठ्या बाईंची गादी

आमच्या दुकानात सोफ्याचा सांगाडा मी करायचो आणि गादी माझा जोडीदार भरायचा. एक टाका वाकडा गेला तर अख्खी शिवण उसवायचा, म्हणून सगळे त्याला टाका म्हणत. अजून म्हणतात. आता दोघेही घरी बसलोय.

त्याचा एक नियम होता. सोफा शिवून झाला की आधी स्वतः त्यावर बसायचं, कपभर चहा संपेपर्यंत. मगच माल बाहेर. "पहिलं बूड माझं," म्हणायचा. त्याचा एकही सोफा कधी परत आला नाही.

असा हा माणूस एका मांजरीपुढे टेकीला आला.

मांजर म्हातारी, अंगाने भरलेली, चेहऱ्यावर कायम नापसंती. टाक्याच्या घरात तिला मोठ्या बाई म्हणतात. खिडकीपाशी हातांची एकच खुर्ची, ती बाईंची. खोली एवढीशी, दुसरी मावत नाही. तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग टाक्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उंच, हातांच्या खुर्चीतच बसा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी भेटायला गेलो तर वहिनी स्टुलावर आणि बाई खुर्चीत.

"उचला की तिला," मी म्हणालो.

"उचललं होतं, भावजी. तिने जेवण सोडलं. आता या वयात कुणाला जागेवरून उठवायचं म्हणजे..."

स्वतःचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला, आणि काळजी बाईंच्या जेवणाची!

"गादी करतो," टाका म्हणाला. "अशी करतो की आपणहून उतरेल."

प्लायवूडचा गोल, उंच काठाचा सांगाडा मी करून दिला. सांधे पक्के, हलवून बघितले. पुढे जे झालं त्यात दोष सांगाड्याचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. टाक्याने आत फोम भरला, वर कापूस, त्यावर मखमल, कडेने दुहेरी पायपिंग. नाणं टाकलं तर उडेल इतकी ताठ. सरकारी पाहुण्याला द्यावी अशी गादी.

बाई आल्या, हुंगलं, गादीला वळसा घालून खुर्चीत परत गेल्या.

टाक्याने फोम काढून नरम भरला. बाईंनी पायपिंगवर नखं घासली आणि खुर्चीत परत गेल्या. त्याने ओळखीचा वास यावा म्हणून आपला जुना बनियन गादीत अंथरला. बाईंनी तो दातात धरून ओढत खुर्चीत नेला. आता खुर्ची आणखी मऊ झाली.

मग टाका चारी पायांवर आला. गादीपाशी जाऊन घशातून घुर्र घुर्र आवाज काढायला लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. "तिलाच लाज वाटतेय."

मी म्हणालो, "तू बसून बघितलंस का हिच्यावर?"

टाका गुडघ्यांवरून उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न बसता माल दिला होता.

"यात मी कसा मावणार? माझं बूड बघ."

"इतकी वर्षं बघतेय," वहिनी म्हणाल्या. "मावेल. मी चहा टाकते."

बसला. मावला. चहा सावकाश प्यायला, डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, मान डोलावली. मग उठला. गादीही त्याच्याबरोबर उठली.

सांगाडा पक्का होता, सांगितलंच. टाका खोलीभर वाकून फिरतोय आणि मागे काठात बूड अडकलेलं. त्याने एका बाजूला वळून स्टूल पाडलं, दुसऱ्या बाजूला वळून कप पाडला.

"हलू नकोस!" मी ओरडलो.

"सांध्यांना एवढा डिंक कुणी ओतला?"

"काम आहे ते, खेळ नाही!"

वहिनी भिंतीला टेकून इतक्या हसत होत्या की गुडघा विसरल्या. मी गादी धरली, टाक्याने दाराची चौकट धरली. हा प्रकार बघून बाई चक्क खुर्चीतून उतरून पुढे आल्या आणि नीट बघता यावं म्हणून बसल्या. मी पाय रोवून ओढलं. फट्‌ करून गादी सुटली, टाका चौकटीला बिलगला आणि मी जमिनीवर आडवा.

गादीचं पार वाटोळं झालं होतं. मखमल चुरगळलेली, मधे खड्डा, एका कडेची शिवण वीतभर उसवलेली. टाक्याचा चेहरा पडला. तो दाभण आणायला आत गेला, दोरा ओवत बाहेर आला.

बाई खड्ड्यात गोल होऊन झोपल्या होत्या. गादी अजून गरम असणार. आणि वहिनी खुर्चीत होत्या, पाय लांब करून, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून.

"उसवलंय गं ते," टाका कळवळून म्हणाला. "दोनच टाके घालतो."

"दाभण पुढे आणाल तर बघा."

तेव्हापासून ती शिवण तशीच आहे. तिकडे बघितलं की टाक्याची बोटं वळवळतात. परवा मला बाजूला घेऊन कानात विचारत होता, मांजर झोपलेली असताना हळूच शिवता येईल का.

मी म्हणालो, गादीचं मला विचारू नकोस. सांगाडा ठीक आहे.